नागपूरहून रेल्वेने एका दिवसाची सहल: आधी परतीची गाडी, मग बाकी सगळं

सकाळी नागपूरहून निघायचं आणि रात्री जेवायला घरी, हा बेत जाताना सहसा फसत नाही. फसतो तो येताना. सकाळची गाडी सगळे नीट बघतात, परतीचं मात्र "भेटून जाईल काहीतरी" एवढ्यावर सोडतात. मग संध्याकाळी साडेसहाला एखाद्या छोट्या स्टेशनवर कळतं की पुढची थांबणारी गाडी रात्री अकराची आहे आणि फाट्यावरची शेवटची एसटी पाच वाजताच गेली. दुसरी हमखास चूक म्हणजे स्टेशन गावात असेल असं धरून चालणं. विदर्भात कितीतरी गावांचं स्टेशन गावापासून आठ-दहा किलोमीटरवर आहे, आणि काही गावांचं तर वेगळ्याच नावाने आहे.

म्हणून खालचा क्रम बदलू नका. उलटा वाटला तरी तोच ठेवा.

टप्पा 1: किलोमीटर नको, तास मोजा

नागपूरहून सेवाग्राम सुमारे 75 किलोमीटर, भंडारा रोड 60 च्या आसपास, गोंदिया 130, बडनेरा 175, चंद्रपूर आणि डोंगरगड दोन्ही 200 च्या आसपास, शेगाव 290 च्या घरात. यादी बघून सगळीच ठिकाणं जवळची वाटतात. पण 130 किलोमीटरचं गोंदिया एक्स्प्रेसने दोन तासांत येतं, आणि 40-42 किलोमीटरचं रामटेक गाडीची वेळ जुळली नाही तर अर्धा दिवस खातं, कारण रामटेकच्या शाखा मार्गावर दिवसाला मोजक्याच गाड्या धावतात.

हिशेब साधा ठेवा: जाण्या-येण्याचे रुळावरचे तास आणि जागेवर मिळणारे तास यांची तुलना करा. रुळावरचे तास जास्त निघाले तर ते ठिकाण एका दिवसाचं नाही. शेगावचं बहुतेकांच्या बाबतीत हेच होतं. साडेचार-पाच तास जायला, तेवढेच यायला. दर्शन होतं, पण गुरुवारी किंवा सुट्टीच्या दिवशी बारीत तीन तास गेले की संध्याकाळची गाडी हातची जाते. शेगाव एका दिवसात करायचंच असेल तर साधा वार निवडा, पहाटेची गाडी धरा आणि रांग फार लांब दिसली तर मुखदर्शनाच्या रांगेत लागायची तयारी ठेवा. नाहीतर सरळ मुक्काम करा.

ताडोबाची सफारीही रेल्वेने एका दिवसात बसत नाही. सकाळच्या सफारीला उजाडताना गेटवर असावं लागतं आणि चंद्रपूर स्टेशनपासून मोहर्ली गेट तीसेक किलोमीटर लांब. तो बेत वेगळा आखा.

सावधान: जुन्या याद्यांमध्ये नागपूर-नागभीड नॅरोगेज आणि यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला अजून सापडतात. नागभीडची नॅरोगेज ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, शकुंतलाही धावत नाही. अशी यादी हाती लागली तर तिच्यातल्या बाकीच्या वेळाही धरू नका.

टप्पा 2: स्टेशनचं नाव पक्कं करा

गावाचं नाव टाकून गाडी शोधली की घोळ सुरू होतो. नेहमी अडखळायला लावणारी नावं ही:

वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगळी स्टेशनं, एकमेकांपासून तीनेक किलोमीटरवर. मुंबईच्या दिशेच्या गाड्या दोन्हींवरून जातात. बल्लारशाकडे, म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्या गाड्या मात्र सेवाग्रामवरूनच वळतात, वर्ध्याला जात नाहीत. फक्त 'वर्धा' शोधणाऱ्याला निम्म्याच गाड्या दिसतात. दोन्ही नावांनी शोधा. (सेवाग्रामचं मूळ नाव शेगाव. टपाल आपल्या बुलढाण्याच्या शेगावला जायचं म्हणून 1940 मध्ये नाव बदललं. नावांचा घोळ आजचा नाही.)

भद्रावतीला जायचं तर स्टेशन आहे भांदक. 'भद्रावती' टाकलं की कर्नाटकातलं स्टेशन येतं आणि नागपूरहून थेट गाडीच नाही असा निष्कर्ष निघतो.

चंद्रपूरला दोन स्टेशनं आहेत: वर्धा-बल्लारशा मार्गावरचं चंद्रपूर, आणि गोंदिया-नागभीडकडून येणाऱ्या मार्गावरचं चांदा फोर्ट. एका स्टेशनवर उतरून दुसऱ्यावरून परतायचं असेल तर मधला ऑटोचा वेळ धरा.

भंडारा रोड स्टेशन वरठीला आहे. भंडारा शहर तिथून दहाएक किलोमीटर. तुमसर रोड देव्हाडीला आहे, तुमसर गावाचं स्टेशन वेगळं आणि तिरोडीच्या शाखेवर. नावात 'रोड' असलं की गाव लांब आहे असंच समजा.

अमरावती हे शाखेचं शेवटचं स्टेशन. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या बडनेऱ्याला थांबतात, तिथून अमरावती दहाएक किलोमीटर. आणि चांदूर रेल्वे व चांदूर बाजार ही दोन वेगळी गावं. एक वर्धा-बडनेरा मार्गावर, दुसरं नरखेड-बडनेरा मार्गावर. चुकीच्या चांदूरला उतरलात तर त्या दिवशी दुसरं बघणं होत नाही.

तपासा: स्टेशनचा कोड कागदावर लिहिला का? यापुढे शोध कोडनेच करा, नावाने नको.

टप्पा 3: परतीची गाडी आधी निवडा

सगळा बेत या टप्प्यावर उभा आहे, म्हणून इथे अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

रोजच्या ये-जा करणाऱ्यांच्या गाड्या सकाळी मोठ्या शहराकडे येतात आणि संध्याकाळी शहरातून परत जातात. अमरावतीकडची इंटरसिटी त्याच हिशेबाने धावते: सकाळी अमरावतीहून, संध्याकाळी नागपुरातल्याच अजनी स्टेशनहून. नागपूरहून सहलीला निघणारा माणूस नेमका उलटा चाललेला असतो. त्याला सकाळी बाहेर जाणारी आणि संध्याकाळी आत येणारी गाडी हवी, आणि तशी गाडी कोणी त्याच्यासाठी ठेवलेली नसते. वंदे भारतचंही तेच. बिलासपूरची वंदे भारत सकाळी तिकडून निघते आणि दुपारी नागपूरहून परत जाते. गोंदियाच्या दिवसभराच्या फेरीला ती कामाची नाही.

म्हणजे संध्याकाळी नागपूरकडे येणारी तुमची गाडी बहुतेक वेळा लांबून येणारी असते. तिथे क्रम असा लावा:

1. ठिकाणाच्या स्टेशनवरून दुपारी तीन ते रात्री नऊ या वेळात नागपूरकडे येणाऱ्या सगळ्या गाड्या लिहून काढा. नागपूर, अजनी, इतवारी ही शहरातली तिन्ही स्टेशनं टाकून शोधा.

2. प्रत्येकीपुढे ती कुठून निघते ते लिहा. शे-दोनशे किलोमीटरवरून निघालेली गाडी फार उशीर करत नाही. हजार किलोमीटरवरून येणारी करते. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं पडतं आणि दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. त्या दिवसांत काटोल-नरखेडहून परतताना दिल्लीकडच्या गाडीवर भिस्त ठेवू नका.

3. वार तपासा. साप्ताहिक गाडीचा 'सोमवार' हा ती मूळ स्टेशनवरून निघण्याचा वार असतो. तुमच्या स्टेशनवर ती मंगळवारी उगवू शकते. याद्या वाचताना सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. तुमची तारीख टाकून, तुमच्याच स्टेशनवरून शोध घ्या, म्हणजे वार आपोआप बरोबर येतो.

4. मध्यरात्रीनंतरची वेळ नीट वाचा. 18 तारखेची 00:20 म्हणजे 17 तारखेच्या रात्री जेवण झाल्यावर निघायचं.

5. आता दोन गाड्या निवडा: एक मुख्य, एक तिच्यामागून दीड-दोन तासांनी येणारी. दुसरी गाडी नसेल तर तिच्या जागी एसटी लिहा. दोन्ही नसतील तर ठिकाण बदला.

गाडीच्या नंबरावरूनही बरंच कळतं. पाच आकडी नंबर 1 किंवा 2 ने सुरू झाला तर लांब पल्ल्याची, 5 ने पॅसेंजर, 6 ने मेमू (जवळच्या अंतराची विजेवरची लोकल), 0 ने विशेष गाडी. विशेष गाडी काही आठवड्यांपुरतीच असू शकते, तेव्हा मागच्या महिन्यात मिळाली म्हणून या महिन्यात मिळेलच असं नाही. रुळांचं काम निघालं की आधी रद्द होतात त्या मेमू आणि पॅसेंजर. नागपूरच्या दोन्ही बाजूंना तिसऱ्या-चौथ्या मार्गाची कामं चालत आल्यामुळे हे वारंवार घडतं. मेमू मुख्य गाडी म्हणून चालेल, एकुलती एक म्हणून नको.

टप्पा 4: जाण्याची गाडी आणि निघायचं स्टेशन

परत यायचं ठरलं की जाणं सोपं. फक्त गाडी कुठून सुटते ते बघा. रामटेकची गाडी इतवारीहून शोधा. काही गाड्या अजनीहून सुटतात आणि नागपूर मुख्य स्टेशनला लागतच नाहीत.

नागपूर मुख्य स्टेशनला दोन तोंडं आहेत. पश्चिमेचं मुख्य दार, आणि पूर्वेचं संत्रा मार्केटच्या बाजूचं. मेट्रोचं रेल्वे स्टेशन पूर्वेच्या बाजूला येतं. मेट्रोने येऊन एक नंबरच्या फलाटावर जायचं तर पूर्ण पूल ओलांडावा लागतो, म्हातारी माणसं सोबत असतील तर त्याला दहा मिनिटं धरा.

सकाळची गाडी शक्य तितकी लवकरची घ्या. मार्च संपल्यावर तर दुसरा पर्यायच नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या आसपास जातो, चंद्रपूरला त्याहून वर, आणि अकरानंतर गडाच्या पायऱ्या चढणं म्हणजे ऊन लागून घ्यायचं काम. रामटेक आणि डोंगरगड या दिवसांत नकोतच.

टप्पा 5: स्टेशन ते ठिकाण, शेवटची सात किलोमीटरं

इथे विदर्भातली खेडी आपला हिसका दाखवतात. स्टेशनबाहेर तीन साधनं मिळतात: ऑटो, काळी-पिवळी आणि एसटी. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

काळी-पिवळी भरल्याशिवाय हलत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी पाच मिनिटांत भरते, इतर दिवशी दुपारी पाऊण तास उभी राहते. घाई असेल तर उरलेल्या सीटचे पैसे देऊन निघता येतं, आधी बोलून घ्या. गावचा बाजार कोणत्या वारी असतो हे एका फोनवर कळतं, आणि तो वार धरला तर जाणं-येणं दोन्ही सोपं होतं.

एसटीचं वेळापत्रक वाचताना 'मुक्कामी' गाडी ओळखायला शिका. संध्याकाळी तालुक्याहून खेड्यात जाणारी बस तिथेच रात्रभर थांबते आणि सकाळी परत निघते. सहाची बस आहे म्हणजे ती गावात येणारी आहे, गावातून जाणारी नाही. "सहाला एसटी आहे ना" म्हणून निवांत बसलेली मंडळी याच बसमुळे अडकतात. विचारताना "शेवटची गाडी किती वाजता?" असं विचारू नका. "गावातून स्टेशनकडे जाणारी शेवटची किती वाजता निघते?" असं विचारा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, ती धरून बजेट करू नका.

ऑटो ठरवताना जाण्याचा आणि येण्याचा भाव एकत्र ठरवा, आणि चालकाचा नंबर घ्या. छोट्या स्टेशनवर गाडी आली की दोन ऑटो उभे असतात, ते गेले की पुढच्या गाडीपर्यंत चिटपाखरू नसतं. उतरल्यावर फोटो काढत फलाटावर रेंगाळू नका.

हाजरा धबधब्याचं उदाहरण घ्या. तो गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात आहे. सालेकसा नाव ऐकून लोक सालेकसा स्टेशनला उतरतात आणि ऑटो शोधतात. धबधब्याला जवळचं स्टेशन पुढचं, दरेकसा. तिथून पायी जाता येतं. पण दरेकशाला लांब पल्ल्याच्या गाड्या थांबत नाहीत, लोकल-मेमूच थांबतात आणि दोन गाड्यांमध्ये कित्येक तास जातात. म्हणून इथे गाडीच्या वेळेत सहल बसवायची, सहलीच्या वेळेत गाडी नाही. गोंदियापर्यंत एक्स्प्रेस, पुढे लोकल, आणि परतताना दरेकशाहून लोकल चुकली तर रस्त्याने गोंदिया गाठायला किती लागतं ते आधीच विचारलेलं. पावसाळ्यात धबधबा भरात असतो तेव्हाच गर्दीही असते, आणि पाऊस चढला की पाण्यात उतरायला मनाई होऊ शकते.

आता एक पूर्ण चिठ्ठी, म्हणजे दिवसभराच्या वेळांचा कागद, मागून पुढे लिहून बघू. ठिकाण सेवाग्राम आश्रम आणि पवनार. समजा सेवाग्राम स्टेशनवरून परतीची मुख्य गाडी 18:10 ची निघाली. तुमच्या तारखेला वेळ वेगळी असेल, रीत हीच:

18:10 गाडी
17:40 स्टेशनवर हजर
17:00 पवनार सोडायचं (वाहन मिळण्याचा वेळ धरून)
15:30 पवनारला पोचायचं
14:30 आश्रम सोडायचा
11:15 आश्रमात पोचायचं (अडीच तास बघणं, पाऊण तास जेवण)
10:30 सेवाग्राम स्टेशनला उतरायचं
8:30 च्या आत नागपूरहून गाडी (सव्वा तास प्रवास, पाऊण तास उशीर धरून)

चिठ्ठीच्या तळाशी पर्याय लिहा: पवनार वर्धा-नागपूर रस्त्यावरच आहे, गाडी फार उशिरा असेल तर स्टेशनला न जाता तिथूनच नागपूरची एसटी धरायची. पर्याय ठिकाणाच्या वाटेवरच असेल तर बेत मजबूत. वर्ध्याचा गोरसपाक घ्यायचा असेल तर आश्रमातून पवनारला जाताना वर्ध्यात थांबून घ्या. परतीच्या घाईत तो राहतोच.

तपासा: चिठ्ठीत प्रत्येक वाहन बदलण्याला किमान 20 मिनिटं आहेत का? नसतील तर एक ठिकाण कापा. एका दिवसात दोन ठिकाणं पुरेत.

रामटेक आणि भंडाऱ्याबद्दल एक स्पष्ट मत: दोन्हीकडे एसटी भरपूर आहेत आणि बस गावातच सोडते. रेल्वेची हौस असेल तर जाताना रेल्वे, येताना एसटी करा. दोन्ही वेळा रेल्वेचा हट्ट धरला की संध्याकाळ फलाटावर जाते.

टप्पा 6: तिकीट

एका दिवसाच्या सहलीत आरक्षण लागतंच असं नाही. दोन तासांच्या आतल्या प्रवासाला जनरल चालतं. त्याहून लांब, किंवा सोबत लहान मुलं आणि वयस्क असतील, तर परतीचं तरी आरक्षण करा. सकाळी माणूस ताजा असतो, उभा राहतो. संध्याकाळी राहवत नाही. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. वेटिंगवर राहिलेलं ई-तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं, ते दाखवून डब्यात बसता येत नाही. सकाळच्या गाडीचा चार्ट आदल्या रात्रीच लागतो, म्हणून रात्री झोपण्यापूर्वी बघून घ्या.

जनरलच्या तिकिटाचे नियम मात्र लोकांना ठाऊक नसतात, आणि दंड तिथेच भरावा लागतो.

199 किलोमीटरपर्यंतचं तिकीट काढल्यापासून तीन तासांत, किंवा तिकडे जाणारी पहिली गाडी सुटेपर्यंत, यांपैकी जे नंतर येईल तोवर प्रवास सुरू करावा लागतो. म्हणून सेवाग्रामचं परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवता येत नाही, ते संध्याकाळी तिथूनच काढायचं. 200 च्या पुढचं, उदाहरणार्थ शेगावचं, तीन दिवस आधीपासून मिळतं.

तिकिटाचा प्रकार गाडीशी जुळला पाहिजे. साधी, मेल-एक्स्प्रेस आणि सुपरफास्ट असे तीन प्रकार आहेत. 12, 20 किंवा 22 ने सुरू होणारा नंबर म्हणजे सुपरफास्ट. एक्स्प्रेसचं तिकीट घेऊन त्यात चढलात तर जनरलचा 15 रुपयांचा अधिभार वाचवायला जाऊन किमान 250 रुपये दंड आणि वर भाडं असा हिशेब होऊ शकतो. परतताना मुख्य गाडी चुकून पर्यायी गाडीत चढताना हे हमखास विसरलं जातं. तुमची मुख्य एक्स्प्रेस आणि पर्यायी सुपरफास्ट असेल तर सुरुवातीलाच सुपरफास्टचं तिकीट काढा. ते एक्स्प्रेसमध्ये चालतं, उलटं चालत नाही.

मध्ये उतरून पुढे त्याच तिकिटावर जाता येत नाही. ती सोय 500 किलोमीटरच्या वरच्या तिकिटाला आहे. अकोल्याला उतरून मग शेगाव करायचं तर दोन तिकिटं.

पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं.

मोबाइलवरून तिकीट काढायला रेलवन ॲप आहे. खात्यात पैसे आदल्या दिवशीच भरून ठेवा, खेड्यातल्या स्टेशनवर नेट कधी लटकेल सांगता येत नाही. रुळांच्या अगदी जवळ उभं राहून ॲपवर तिकीट निघत नाही, ते स्टेशनात शिरण्याआधी काढा किंवा तिथे लावलेला क्यूआर कोड स्कॅन करा.

सावधान: ॲपवरच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट चालत नाही. ते त्याच फोनवर, ॲपमध्येच दाखवावं लागतं. बॅटरी संपली तर तुम्ही विनातिकीट. बॅटरी 20 टक्क्यांवर आली असेल तर खिडकीवरून कागदी तिकीट घ्या.

हॉल्ट स्टेशनवर तिकीट देणारा एजंट गाडीच्या थोडं आधी येतो आणि गाडी गेली की निघून जातो. सुट्टे पैसे जवळ ठेवा.

टप्पा 7: आदल्या रात्रीचं काम

रात्री नऊनंतर 139 वर किंवा रेल्वेच्या चौकशी ॲपवर दोन्ही गाड्या पुन्हा बघा: रद्द आहे का, मार्ग बदलला का, तुमच्या स्टेशनच्या आधीच वाटेत संपवली का. फक्त जाण्याची बघून झोपू नका. आणखी एक युक्ती: तुमची परतीची गाडी गेले चार दिवस तुमच्या स्टेशनवर किती वाजता आली ते बघा. रोज तास-सव्वा तास उशीर असेल तर उद्याही तसंच धरा.

पिशवीत एवढं पुरे: माणशी दोन लिटर पाणी (उन्हाळ्यात तीन), पोळी-भाजी किंवा दशम्या-ठेचा, डोक्याला दुपट्टा, टॉर्च, ओळखपत्र, दोनशे-तीनशेचे सुट्टे, आणि ती कागदी चिठ्ठी. दहीभात नको, बारापर्यंत आंबतो. छोट्या स्टेशनवर खायला काही मिळेल हे गृहीत धरू नका. एका दिवसाला ट्रॉली बॅग आणणाऱ्याला चिठ्ठी पुन्हा वाचायला द्या.

टप्पा 8: प्रवासाच्या दिवशी

जनरलचे डबे बहुतेक गाड्यांना पुढे आणि मागे असतात. नागपूरला मधोमध उभे राहिलात तर गाडी आल्यावर दोन्हीकडे पळापळ होते. आधीच टोकाला जाऊन थांबा. छोट्या स्टेशनवर याची दुसरी बाजू दिसते: फलाट आखूड असतो आणि टोकाचा डबा खडीवर उभा राहतो. उतरताना पायरी आणि जमीन यांत तीन-चार फूट अंतर पडतं. सोबत म्हातारं माणूस असेल तर शक्यतो आरक्षण करून मधल्या डब्यात बसा.

दोन मिनिटांच्या थांब्याला आधीच्या स्टेशनपासूनच दाराशी या. रात्री किंवा पावसात स्टेशनची पाटी दिसत नाही, त्यामुळे मोबाइलवर गाडीची जागा बघत राहा, मागच्या दोन स्टेशनांची नावं चिठ्ठीवर लिहून ठेवा.

उतरल्यावर पहिलं काम: स्टेशन मास्तरांना किंवा खिडकीवर परतीच्या गाडीबद्दल विचारा. "18:10 ची आज आहे ना? कोणत्या फलाटावर?" या दोन वाक्यांत ब्लॉकची, म्हणजे कामासाठी रूळ बंद ठेवल्याची, खबर लागते. ती ॲपवर यायला कधी कधी दुपार होते.

दुपारी दोनच्या सुमाराला गाडी कुठवर आली ते बघा. चार तास मागे असेल तर तेव्हाच पर्यायाकडे वळा, कारण दुपारी एसटी आहे, संध्याकाळी नसेल.

परतताना नागपूर जवळ आल्यावर घरी "दहा मिनिटांत पोचतो" असा फोन करू नका. फलाट रिकामा नसला की गाडी अजनीच्या किंवा इतवारीच्या पुढे आउटरला (स्टेशनबाहेरच्या सिग्नलला) उभी राहते, कधी पाच मिनिटं, कधी पंचवीस. खाली उतरून रुळांवरून चालत जाणारे दिसतील. त्यांच्यामागे जाऊ नका.

टप्पा 9: परतीची गाडी हातची गेली तर

आधी पंधरा मिनिटं फलाटावर थांबून स्टेशन मास्तरांना विचारा, मागून येणारी विशेष गाडी थांबते का. नसेल तर जवळच्या मोठ्या स्टेशनला जा, मोठ्या गावाला नव्हे. दरेकसा-सालेकशाहून गोंदिया, भांदक-वरोऱ्याहून चंद्रपूर किंवा सेवाग्राम, चांदूर रेल्वे आणि धामणगावहून बडनेरा किंवा वर्धा. तिथे रात्रीही गाड्या थांबतात, प्रतीक्षालय असतं आणि बाहेर एसटी स्टँडपर्यंत जायला ऑटो मिळतो.

आरक्षित गाडी तुमच्या स्टेशनवर तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही ती सोडत असाल तर पूर्ण पैसे परत मिळतात. मात्र ई-तिकिटासाठी गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर (पैसे परत मागायचा ऑनलाइन अर्ज) भरावा लागतो. एसटीत बसल्यावर आठवून उपयोग नाही. स्टँडवर उभं असतानाच भरा, मग बसमध्ये चढा.